पहिली भवानी महाविद्यालयातच व्हावी : विद्यार्थिनी उद्योगाकडे कशाने वळतात?

पुण्यातील एका महिला महाविद्यालयात उद्योजकता कक्षाची जबाबदारी सांभाळणाऱ्या प्राध्यापिकेने विचारले आहे की, गेली तीन वर्षे त्या यशस्वी उद्योजिकांची व्याख्याने ठेवतात, व्यवसाय आराखड्यांची स्पर्धा घेतात, मुली उत्साहाने भाग घेतात, आणि पदवी हाती पडली की जवळजवळ सगळ्याजणी नोकरीच्या मुलाखतींना जातात. तेव्हा मुलींना स्वतःचा उद्योग सुरू करण्याचे बळ नेमके कशाने मिळते आणि त्यासाठी महाविद्यालयाने काय करावे?

गेली २२ वर्षे मी पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरात नव्याने व्यवसाय करू पाहणाऱ्या मुलींना आणि स्त्रियांना प्रशिक्षण देण्याचे, त्यांच्याबरोबर बाजारात आणि बँकेत जाण्याचे काम करते आहे. या अनुभवावरून माझे उत्तर असे आहे की, ज्या मुलीने शिकत असतानाच एखाद्या अनोळखी गिऱ्हाइकाला स्वतःची वस्तू किंवा सेवा विकून त्याच्याकडून पैसे घेतलेले असतात, ती मुलगी उद्योगाचा विचार पुढे सोडत नाही; बाकीच्या सगळ्या गोष्टी, म्हणजे कर्ज, योजना, पुरस्कार, व्याख्याने, या त्या अनुभवानंतर उपयोगी पडतात, त्याआधी फारशा पडत नाहीत.

मंडईतला विक्रेता दिवसाच्या पहिल्या विक्रीला भवानी म्हणतो आणि ते पैसे कपाळाला लावून गल्ल्यात टाकतो. विद्यार्थिनींच्या बाबतीत मी हाच शब्द वापरते. मैत्रिणीने किंवा मावशीने कौतुकाने घेतलेली वस्तू भवानीत धरायची नाही, कारण तिथे नकाराची भीतीच नसते. कर्वे रस्त्याजवळच्या वसतिगृहात राहणारी, इंदापूर तालुक्यातून आलेली वाणिज्य शाखेची एक विद्यार्थिनी घरची शेंगदाण्याची चटणी खोलीतल्या मुलींना विकत असे. तिला मी कोथरूडमधील एका गृहरचना संस्थेच्या आवारात रविवारी सकाळी उभे राहायला सांगितले. चौदा पाकिटांपैकी नऊ विकली गेली. एका बाईंनी विचारले, ‘किती दिवस टिकेल?’ तिला उत्तर देता आले नाही आणि त्या पाकीट परत ठेवून निघून गेल्या. पुढच्या रविवारी ती आली तेव्हा प्रत्येक पाकिटावर तयार केल्याची तारीख होती आणि खाद्यपदार्थांसाठीची नोंदणी कशी करायची हे तिने स्वतःहून विचारले. वर्गात हाच विषय मी दोन तास शिकवला होता. तेव्हा तिने वहीत लिहून घेतले होते, एवढेच.

तिसऱ्या आठवड्यात आम्ही हिशेब मांडला. दोनशे ग्रॅमला साठ रुपये ही किंमत तिने शेजारच्या दुकानाकडे पाहून ठरवली होती. त्यात आईची मेहनत नव्हती, इंदापूरहून एसटीने येणाऱ्या पार्सलचा खर्च नव्हता आणि रविवार पेठेतून आणलेल्या पिशव्या नि लेबलेही नव्हती. हे सगळे धरल्यावर किंमत ऐंशी रुपयांच्या खाली येईना. गिऱ्हाइके तुटतील या भीतीने तिला रात्रभर झोप लागली नाही, असे तिने नंतर सांगितले. नियमित गिऱ्हाइकांपैकी एकच तुटले. आपल्या कामाची किंमत तोंडाने, आवाज न खाली आणता सांगणे हे आपल्याकडच्या मुलींना लहानपणापासून कोणी शिकवलेले नसते. घरात बाईच्या श्रमाला दर नसतो, म्हणून मुलगी स्वतःच्या श्रमालाही दर लावत नाही. माझ्या मते तिच्या वाटेतला सर्वांत मोठा अडथळा हाच आहे, आणि तो भाषणाने दूर होत नाही.

याला अभ्यासाचाही आधार आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडले की, ‘हे मला जमेल’ हा विश्वास चार वाटांनी येतो : स्वतः करून पाहिल्याने, आपल्यासारख्या कोणाला करताना पाहिल्याने, इतरांनी धीर दिल्याने आणि त्या वेळच्या शारीरिक-मानसिक अवस्थेमुळे, यांत स्वतः करून मिळालेले यश सर्वांत प्रबळ ठरते. आपण व्याख्यानांतून फक्त तिसरी वाट वापरतो. २००७ मध्ये फिओना विल्सन, जिल किकुल आणि डेबोरा मार्लिनो यांचा अमेरिकेतील विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मुलींचा उद्योजकतेविषयीचा आत्मविश्वास मुलांपेक्षा कमी आढळला, परंतु उद्योजकतेच्या शिक्षणाचा आत्मविश्वासावरील परिणाम स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा अधिक दिसला. म्हणजे आपल्या कक्षाचे काम वाया जाणारे नाही. जिथे त्याचा सर्वाधिक उपयोग होऊ शकतो, तिथेच आपण उभ्या आहात.

व्याख्यानांना कोणाला बोलवावे, याविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. पुण्यात अनु आगा यांचे नाव नेहमी घेतले जाते. १९९६ मध्ये पतीच्या निधनानंतर त्यांनी थरमॅक्सची धुरा सांभाळली आणि कठीण काळातून कंपनीला बाहेर काढले. त्यांच्याविषयी मला अतिशय आदर आहे. तथापि, दुसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या, वडील रिक्षा चालवणाऱ्या मुलीला त्या गोष्टीत स्वतःची जागा सापडत नाही. ‘आपल्यासारखी’ हा बांडुरांच्या सिद्धान्तातील कळीचा शब्द आहे. आपल्याच महाविद्यालयातून दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेली, आजही उधारी वसूल करताना दमणारी, महिन्याला वीस-पंचवीस हजार रुपये सुटणारी माजी विद्यार्थिनी वर्गात येऊन वही उघडते आणि मागील महिन्याचा जमाखर्च वाचून दाखवते, तेव्हा मुली जे प्रश्न विचारतात ते मोठ्या पाहुण्यांना कधीच विचारत नाहीत. एका मुलीने अशा वेळी विचारले होते, ‘ताई, पहिल्या महिन्यात घरी काय सांगितलंत?’ पुढचा पाऊण तास त्याच प्रश्नावर गेला आणि तो सत्कारणी लागला.

मोठी उदाहरणे द्यायचीच असतील तर त्यांचा कारभार शिकवावा. लिज्जत पापडाची सुरुवात १९५९ मध्ये गिरगावातील सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन केली, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण तोटा झाला तरी देणगी मागायची नाही, असे त्यांनी सुरुवातीलाच ठरवले होते, ही गोष्ट क्वचित सांगितली जाते. माझ्या वर्गात चर्चा होते ती या निर्णयाची.

पैशाविषयी. अमेरिकेत अध्यापन करणाऱ्या सारस सरस्वती यांनी अनुभवी उद्योजक निर्णय कसे घेतात याचा अभ्यास करून २००१ मध्ये एक मांडणी केली. तिचा एक भाग असा की, हे उद्योजक नफा किती होईल याच्या अंदाजापासून सुरुवात करत नाहीत. आपल्याला किती नुकसान सोसवेल ते ठरवतात आणि तेवढ्याच मर्यादेत पाऊल टाकतात. मी प्रत्येक मुलीला पहिल्याच दिवशी विचारते की, बुडाले तरी घरी रडावे लागणार नाही, अशी तुझी रक्कम किती? बहुतेक उत्तरे पंधराशे ते तीन हजार रुपयांच्या दरम्यान येतात. तेवढ्या रकमेत करता येणारे काम शोधायचे, हा आमचा नियम आहे. व्यवसाय आराखड्यांच्या स्पर्धेत मुली पाच वर्षांनंतरची कोट्यवधींची उलाढाल तक्त्यात मांडतात, बक्षीस घेतात आणि तो कागद तिथेच संपतो. ती स्पर्धा आपण बंद केलीत तरी मला वाईट वाटणार नाही. बक्षिसांची तीच रक्कम मुलींना परतफेडीच्या बोलीवर भांडवल म्हणून द्यावी.

आता मैत्रिणीविषयी, कारण ही गोष्ट स्वस्त आहे आणि तिच्याकडे फार दुर्लक्ष होते. अहमदाबादच्या सेवा बँकेच्या स्त्री ग्राहकांना दोन दिवसांचे व्यवसाय प्रशिक्षण देऊन एरिका फील्ड, सीमा जयचंद्रन, रोहिणी पांडे आणि नतालिया रिगोल यांनी केलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. काही स्त्रियांना एकटीने येण्याचे आमंत्रण होते, काहींना मैत्रिणीसह. चार महिन्यांनंतर पाहिले तेव्हा मैत्रिणीसह आलेल्यांनी व्यवसायासाठी कर्ज घेण्याचे प्रमाण अधिक होते, त्यांचे काम वाढले होते आणि घरचे उत्पन्नही जास्त होते. ज्या समाजगटांत स्त्रियांच्या बाहेर जाण्यायेण्यावर बंधने अधिक, तिथे हा परिणाम अधिक ठळक होता. हे वाचण्याच्या कितीतरी आधी मला भोसरीत याचा प्रत्यय आला होता. अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थिनीला प्रयोगशाळेतील उपकरणासाठी छोटे भाग बनवून हवे होते; जॉबवर्क करणाऱ्या वर्कशॉपमध्ये ती तीनदा दारापर्यंत जाऊन परतली, कारण आत सगळे पुरुष आणि तिच्याकडे वळलेल्या नजरा. चौथ्या वेळी वर्गमैत्रीण सोबत होती. दोघी आत गेल्या, लेथवर काम करणाऱ्या वयस्कर कारागिराने रेखाचित्र पाहिले, त्यातली चूक दाखवली आणि चहाही मागवला. पुढच्या वेळी ती एकटी गेली. म्हणून माझ्याकडे नावनोंदणी जोडीनेच होते. जोडी भागीदारीत काम करते असे नाही, दोघींचे व्यवसाय वेगळे असू शकतात, पण बाजारात, बँकेत आणि पहिल्या विक्रीला दोघी बरोबर जातात.

घराविषयी बोलताना ‘पालकांची मानसिकता बदलायला हवी’ असे म्हणून आपण थांबतो आणि बदलायचे काय ते सांगत नाही. पालकांशी प्रत्यक्ष बोलल्यावर मला दिसले की त्यांचा विरोध बहुधा पैशाला नसतो, वेळेला आणि अनिश्चिततेला असतो. मुलगी संध्याकाळी सातनंतर बाजारात का, हा पहिला प्रश्न. लग्नाच्या स्थळाला काय सांगायचे, हा दुसरा. विवाह मंडळाच्या माहितीपत्रकात नोकरी आणि पगार यांचे रकाने असतात आणि व्यवसाय करणाऱ्या मुलीच्या वडिलांना ते रिकामे सोडावे लागतात. यावर मला सापडलेला उपाय अगदी साधा आहे. उत्पन्न करपात्र नसले तरी मुलीने पहिल्याच वर्षी प्राप्तिकर विवरणपत्र भरावे. वडिलांच्या हातात तिच्या नावाचा, उत्पन्नाचा आकडा असलेला कागद येतो, तो पाहुण्यांना दाखवता येतो, आणि पुढे बँक कर्जासाठी दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे मागते तेव्हा ती तयार असतात. हडपसरच्या एका वडिलांनी तो कागद लॅमिनेट करून ठेवल्याचे मी पाहिले आहे. वर्षभरापूर्वी त्यांनीच मला फोन करून मुलीच्या डोक्यात हे खूळ भरवू नका असे सांगितले होते.

वेळेच्या प्रश्नात महाविद्यालयाचाही वाटा आहे. वसतिगृहाचे दार मुलींसाठी लवकर बंद होत असेल, तर प्रदर्शनातला स्टॉल आवरून त्या परत कशा येणार? कक्षाने लेखी परवानगीची पद्धत ठेवली, रात्री उशिरा परतणाऱ्या मुलींसाठी सामायिक वाहन ठरवले, तर जे काम दहा व्याख्यानांनी होत नाही ते होते. हजेरीचेही तसेच. केंद्र सरकारच्या २०१९ च्या विद्यार्थी आणि प्राध्यापकांसाठीच्या राष्ट्रीय नवोपक्रम व स्टार्टअप धोरणात, स्वतःचा उद्योग उभारणाऱ्या विद्यार्थ्यांना एका सत्राची किंवा वर्षाची रजा घेऊन नंतर पुन्हा शिक्षण चालू करू देण्याची तरतूद सुचवलेली आहे. आपल्या संस्थेने ते धोरण स्वीकारले आहे का, हे पाहावे. अनेक संस्थांनी ते कागदावर स्वीकारलेले असते आणि विद्यार्थिनींना त्याचा पत्ता नसतो.

मालकी हा मला सर्वांत कळकळीने मांडायचा मुद्दा आहे. स्त्रियांसाठी सवलती असल्यामुळे व्यवसाय मुलीच्या नावावर आणि व्यवहार भावाच्या हातात, असे मी पुष्कळ पाहिले आहे. भारत, घाना आणि श्रीलंका येथील माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. स्त्रियांना दिलेल्या भांडवलातून व्यवसाय वाढत नाही, या समजाची त्यात तपासणी होती. निष्कर्ष असा निघाला की, घरात दुसरा कोणी व्यवसाय करत असेल तर स्त्रीला मिळालेले भांडवल बहुधा त्या व्यवसायात वळते, आणि जिथे ती एकटीच व्यवसाय करते तिथे पुरुषांच्या तुलनेतील तफावत उरत नाही. याचा आपल्यासाठी अर्थ असा की, पहिल्या दिवसापासून स्वतःचे खाते, त्याला जोडलेला स्वतःचा मोबाइल क्रमांक, आणि पासबुक तिच्याच कपाटात. हे कोणाविरुद्ध नाही. आईवडिलांना मी हे समोर बसवून सांगते आणि बहुतेकांना पटते.

याच संदर्भात हक्कसोडपत्राविषयी, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेतील आपला वाटा सोडून देणाऱ्या कागदाविषयी, एक गोष्ट नमूद करते, जरी ती विषयापासून दूर वाटली तरी. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये हिंदू उत्तराधिकार कायद्यात बदल करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांसारखा जन्मसिद्ध हक्क दिला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याबाबतची संदिग्धताही दूर केली. तरीही माहेर तुटू नये म्हणून मुली हक्कसोडपत्रावर सही करतात, आणि दहा वर्षांनी व्यवसाय वाढवण्यासाठी बँक तारण मागते तेव्हा त्यांच्या नावावर काहीच नसते. सही करायची की नाही हा त्यांचा निर्णय आहे, पण त्या सहीचा उद्योगाशी असलेला संबंध त्यांना विसाव्या वर्षी ठाऊक असायला हवा. वकिलाचे एक तासाचे सत्र पुरेसे आहे.

प्रश्न विचारणाऱ्यांकडूनही मुली मागे ढकलल्या जातात. डाना कांझे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमधील एका स्टार्टअप स्पर्धेतील प्रश्नोत्तरे तपासली, तेव्हा पुरुष संस्थापकांना विचारलेल्या प्रश्नांपैकी ६७ टक्के प्रश्न वाढीविषयी, तर स्त्री संस्थापकांना विचारलेल्यांपैकी ६६ टक्के प्रश्न नुकसान कसे टाळणार याविषयीचे होते. आपल्याकडे या दुसऱ्या प्रकाराचे रूप म्हणजे ‘लग्नानंतर काय?’ एका बँकेत माझ्यासमोर एका विद्यार्थिनीला हा प्रश्न विचारला गेला आणि ती गप्प झाली. त्याच अभ्यासात असेही दिसले की, बचावाच्या प्रश्नाला वाढीच्या भाषेत उत्तर देणाऱ्यांना अधिक निधी मिळाला. तेव्हापासून आम्ही या उत्तराचा सराव करून घेतो : ‘लग्नानंतर मी ज्या शहरात असेन तिथे दुसरी शाखा निघेल, सध्याची गिऱ्हाइके इतकी आहेत, मागणी इतकी आहे, म्हणून मला इतके कर्ज हवे आहे.’ उत्तर प्रामाणिक असले पाहिजे, आणि आकडे पाठ असले पाहिजेत.

सरकारी योजनांवर मी मुद्दाम थोडे लिहिते, कारण आपल्या कक्षांत त्यांवरच अधिक वेळ खर्च होतो. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि विनामूल्य आहे. त्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून मुलींना सावध करावे. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळते, आणि सूक्ष्म व लघुउद्योगांना ठरावीक मर्यादेपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागू नये अशी रिझर्व्ह बँकेची बँकांना सूचना आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात स्त्रियांना शहरी भागात प्रकल्प खर्चाच्या २५ टक्के आणि ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान आहे, स्वतःचा हिस्सा ५ टक्के पुरतो. हे सगळे उपयुक्त आहे, पण सहा महिने विक्री केलेल्या मुलीसाठी. विक्रीआधी कर्ज घेतलेली मुलगी पहिल्याच चुकीला कर्जबाजारी होते आणि मग घरातल्या धाकट्या बहिणीचीही वाट बंद होते.

तंत्रज्ञानावर आधारलेले काम करणाऱ्या विद्यार्थिनींसाठी पुण्यात सोय चांगली आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या परिसरातील व्हेंचर सेंटर, सीओईपी या अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेतील भाऊ इन्स्टिट्यूट आणि विद्यापीठाच्या परिसरातील विज्ञान-तंत्रज्ञान पार्क यांच्याकडे प्रयोगशाळेपासून मार्गदर्शकापर्यंत मदत मिळू शकते. तिथे पाठवताना दोन मुली एकत्र पाठवाव्यात.

पदवीनंतर नोकरीला गेलेल्या मुलींना आपण अपयशात धरत आहात, ते धरू नये. माझ्याकडे शिकलेल्या अनेकजणींनी चार-पाच वर्षे नोकरी केली, बाजार ओळखला, थोडी रक्कम बाजूला टाकली आणि मग व्यवसाय सुरू केला. त्यांचे व्यवसाय अधिक टिकले असे मला दिसते. म्हणून कक्षाचे मोजमाप पदवीच्या वर्षी करू नये. प्रत्येक तुकडीतील किती मुलींची भवानी झाली हे आज लिहून ठेवावे, आणि पाच वर्षांनी त्यांना फोन करावा.

येत्या वर्षासाठी आपण तीस मुली, म्हणजे पंधरा जोड्या घ्याव्यात. प्रत्येक जोडीला परतफेडीच्या बोलीवर दोन हजार, एकूण तीस हजार रुपये लागतील. माजी विद्यार्थिनी एवढी रक्कम आनंदाने उभी करतात. सुरुवात जुलैमध्ये करावी, कारण गणपतीपासून दिवाळीपर्यंत पुण्यात कंदील, उटणे, फराळ, पणत्या, भेटवस्तू, शिवणकाम, छायाचित्रण अशा कोणत्याही लहान कामाला गिऱ्हाईक मिळते. ऑगस्टअखेर प्रत्येकीची भवानी, दिवाळीनंतरच्या आठवड्यात सर्वांसमोर जमाखर्चाचे वाचन, डिसेंबरमध्ये भीमथडी जत्रेत एक दिवस फिरून बचत गटांच्या स्त्रियांना त्यांच्या किमती कशा ठरतात हे विचारणे, आणि जानेवारीत परतफेड. जमाखर्च वाचण्याच्या दिवशी मला बोलावलेत तर मी नक्की येईन, आणि तोट्यात गेलेल्या जोड्यांच्या वह्या आधी पाहीन.